खासगी जमिनीवरील निसर्गसंवर्धन

खासगी जमिनीवरील निसर्गसंवर्धन म्हणजे जमीनमालकाने आपली मालकी कायम ठेवून त्या जमिनीवरील वनस्पती, वन्यजीव व जलस्रोत यांचे स्वेच्छेने केलेले रक्षण होय. अभयारण्याची हद्द प्राण्यांना ठाऊक नसते. म्हणून लगतच्या शेतांचे, पडीक रानांचे व ओढ्यांचे महत्त्व मोठे आहे.

कुंडल परिसर
सांगली जिल्ह्यातील कुंडल (तालुका पलूस) गावाजवळ सागरेश्वर अभयारण्य आहे. सुमारे १०.८७ चौरस किलोमीटर क्षेत्राचे हे अभयारण्य उजाड डोंगरांवर वृक्षलागवड करून घडविण्यात आले. त्यामागे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचा पुढाकार होता. १९८५ मध्ये त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. येथे सांबर व चितळ आढळतात. अभयारण्याभोवती शेती असल्याने हरणांकडून होणारे पिकांचे नुकसान हा स्थानिक शेतकऱ्यांपुढील प्रश्न आहे.

कायदेशीर तरतुदी
महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ अन्वये राज्यातील खासगी वने ३० ऑगस्ट १९७५ पासून शासनाकडे निहित झाली. याउलट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम ३६-क मालकाच्या संमतीवर आधारलेले आहे. २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार व्यक्ती वा समुदाय स्वेच्छेने पुढे आल्यास खासगी जमीन ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित करता येते. मालकी बदलत नाही. मात्र व्यवस्थापन समितीचा ठराव व शासनाची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. अमेरिकेत मालक करारान्वये विकासाचे हक्क कायमचे सोडून जमीन स्वतःकडे ठेवू शकतो.

जमीनमालकांना करता येण्याजोगे उपाय
* बांधावरील बाभूळ, बोर, कडुनिंब व ढोलीचे जुने वृक्ष राखणे.
* ओढ्याकाठची झाडी न तोडणे.
* गवत न जाळणे. वणव्याने जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी व पिले नष्ट होतात.
* नैसर्गिक माळरानावर सरसकट वृक्षलागवड न करणे. माळावरील प्राणी-पक्ष्यांना मोकळे गवताळ रानच लागते.

मर्यादा
संवर्धनाचा लाभ सर्वांना मिळतो, परंतु उत्पन्नातील घट एकट्या मालकास सोसावी लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने खासगी वनमालकांशी संवर्धन करार करून, तसेच बेहड्याच्या फळांच्या विक्रीतून उत्पन्न मिळवून देऊन या अडचणीवर मार्ग काढला आहे. धनेश पक्षी बेहड्याच्या ढोलीत घरटे करतो. त्यामुळे वृक्ष उभा राहण्यात मालक व पक्षी या दोघांचेही हित साधते.