विनावेतन घरकाम आणि राष्ट्रीय उत्पन्न

स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचा सांभाळ, आजारी व वृद्ध माणसांची शुश्रूषा अशी घरच्यांसाठी मोबदल्याविना केली जाणारी कामे. जगभर ती मुख्यतः बायकाच करतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मात्र ती येत नाहीत, आणि स्त्रीवादी अर्थशास्त्राचा प्रस्थापित अर्थशास्त्रावरचा मूळ आक्षेप हाच आहे.

हा प्रश्न अर्थतज्ज्ञांना ठाऊक नव्हता असे नाही. घरी पगारावर ठेवलेल्या बाईशी मालकाने लग्न केले, की काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती आर्थर पिगू यांनी १९२० मध्येच दाखवली होती. पैसे मोजून दुसऱ्याकडून करून घेता येईल ते काम उत्पादकच, ही कसोटी मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्ये दिली. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या १९५३ च्या राष्ट्रीय लेखापद्धतीने गृहिणीचे काम बाहेर ठेवले. न्यूझीलंडच्या माजी खासदार मॅरिलिन वॉरिंग यांनी १९८८ मध्ये ‘इफ विमेन काउंटेड’ या पुस्तकात या पद्धतीची कठोर चिकित्सा केली. १९९३ च्या सुधारित पद्धतीत पाणी वाहून आणणे उत्पादनात धरले गेले. त्याच पाण्याने भात शिजवणे वगळलेलेच राहिले. म्हणजे टंचाईच्या गावात हंडा उंबऱ्याच्या आत आला, की बाईचे उत्पादक काम संपते. असली रेघ निसर्गाने आखलेली नसते. ती समितीने आखलेली असते.

भारतात राष्ट्रीय नमुना पाहणी घरकाम करणाऱ्या बायकांना ९२ किंवा ९३ हा संकेतांक देते. सरपण गोळा करणारी, घरच्यांचे कपडे शिवणारी बाई ९३ मध्ये पडते. दोन्ही गट श्रमशक्तीबाहेर. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७. शिवाय असे काम करणारे पुरुष होते अवघे सव्वीस टक्के.

या कामाची किंमत ठरवायची कशी, यावर मतभेद आहेत. बाईने बाहेर किती कमावले असते हे माप लावले, तर पदवीधर बाईची भाकरी शेतमजूर बाईच्या भाकरीपेक्षा महाग ठरते. ते अन्यायाचे आहे. तेच काम करणाऱ्या मोलकरणीच्या पगाराचे माप त्याहून बरे, पण तो पगारच तुटपुंजा असतो. स्त्रीवादी अर्थतज्ज्ञ डायान एल्सन यांचा भर किमतीपलीकडे जातो: या श्रमाला मान्यता हवी, त्याचा भार घटायला हवा आणि त्याची फेरवाटणी व्हायला हवी.

भारतात हा वाद मुख्यतः अपघात-भरपाईच्या खटल्यांतून न्यायालयात पोचला. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या परिशिष्टात भरपाई ठरवण्यासाठी न कमावणाऱ्या पत्नीचे उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एकतृतीयांश धरले जाई, म्हणजे गरिबाच्या बायकोचे श्रम स्वस्त. गृहिणींना भिकारी व कैद्यांच्या गटात बसवणाऱ्या जनगणनेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ताशेरे ओढले, आणि २०२१ च्या कीर्ती खटल्यात गृहिणीचे कल्पित उत्पन्न धरण्याचे समर्थन करताना त्या २९९ मिनिटांचा दाखला दिला.