लामणदिव्यातल्या हत्तीची कुळकथा

रत्नागिरीकडच्या जुन्या घरांत देवघरासमोर साखळीने टांगलेला लामणदिवा दिसतो. साखळीत कुठे मोर, कुठे हत्ती. या हत्तीच्या कुळाचा माग काढायचा तर घाट चढावा लागतो.

सर्वांत जुना पूर्वज प्रवरेकाठच्या दायमाबादचा. १९७४ साली तिथे झुडपाची मुळं खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशी चार शिल्पं निघाली. मिळून वजन साठ किलोंच्या वर, धातू बहुतांशी तांबं. अनेक अभ्यासक ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. जनावरांच्या खाली चाकांची सोय आहे, म्हणून ती मिरवणुकीत ओढत असावेत असा तर्क आहे.

दुसरा पूर्वज कोल्हापूरचा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्याच टेकडीवर सापडलेल्या कांस्यवस्तूंत पाठीवर स्वार घेतलेला हत्ती आहे आणि त्याच्या जोडीला समुद्रदेव पोसायडनची रोमन मूर्ती! समुद्रदेव घाटावर पोचला तो बहुधा कोकणच्या बंदरांतून. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आलेलं ‘मंदगोर’ बंदर म्हणजे आपलं बाणकोट, असं अनेकांचं मत आहे.

रोमन देव्हाऱ्यांतही धातूचे पशुपक्षी असत. गरुड ज्युपिटरचा, घुबड मिनर्वाचं. कोंबडा, मेंढा आणि कासव व्यापाराचा देव मर्क्युरी याचे. उंदीर दिसताच गणपती आठवणाऱ्या आपल्याला ही भाषा शिकवावी लागत नाही. फरक एवढाच, की त्यांचा प्राणी देवाच्या शेजारी उभा राहतो, आपला देवाला पाठीवर घेतो. हत्ती तर गजलक्ष्मीला सोंडेने न्हाऊही घालतो; म्हणून तो पावसाचा आणि भरभराटीचा.

घडणीची रीतही दोन्हीकडे एकच. मेणाचा हत्ती करायचा, त्यावर माती लिंपायची, भाजून मेण वितळवायचं आणि पोकळीत धातूचा रस ओतायचा. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त ही कृती दिली आहे.

दायमाबादला चाकांवर उभा राहिलेला, ब्रह्मपुरीत स्वार वाहणारा हत्ती आपल्या घरात दिव्याचा भार पेलतो. कोल्हापूरला गेलात तर टाउन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीचा हत्ती जरूर पाहा.