गेलेली भुवई

आमच्या भाषेने भुवईला पुष्कळ कामे लावली आहेत. ती चढते, उंचावते, आक्रसते. माणसाचा राग, नवल आणि रुकार कपाळावरच्या या दोन रेघांत मावतो. परंतु भुवईवरून माणसाचे गावातले स्थान ठरावे, असाही काळ मराठवाड्यात होऊन गेला आहे. नांदेड-लातूरकडचा निजामी अंमलाचा इतिहास सांगताना आम्ही जहागिरदार सांगतो, १९४८ चा सप्टेंबर सांगतो, आणि ते योग्यच आहे. महारोग्याचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही.

महारोग, रक्तपिती, आणि आता कुष्ठरोग. नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ मध्ये त्याचा जंतू शोधून काढला. शरीराचे थंड भाग या जंतूला मानवतात: नाक, कानाची पाळी, भुवई. रोगाच्या एका प्रकारात भुवई बाहेरच्या टोकाकडून विरळ होऊ लागते आणि केसांची मुळेच नष्ट होतात. गावात हे प्रथम कोणाच्या ध्यानात येत असेल? हजामत करणाऱ्याच्या, असा आमचा तर्क आहे. काजळाची रेघ ओढता येते, पण ज्येष्ठातल्या घामापुढे ती किती टिकणार! वस्तुतः कित्येक रोग्यांच्या भुवया शाबूत राहतात आणि कित्येकांच्या भुवया दुसऱ्याच कारणाने गळतात. गावाचा निकाल दोन्हीकडून चुके. तरी तो निकालच होता, आणि त्यावर अपील नव्हते.

मग माणूस जाई कोठे? नांदेडहून मीटरगेज गाडी धर्माबाद, बासर, निजामाबाद करीत डिचपल्लीस जाई. तेथे इझाबेल केर या मिशनरी डॉक्टरीणबाईंनी १९१५ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना काढला. पुढे चौलमुग्रा जातीच्या तेलाची सुई हा तेथला मुख्य उपचार झाला. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ मध्ये आली, आणि १९२७ पासून ती मिरजेपर्यंत पोचली. मिरजेसही मिशनचे कुष्ठरोग रुग्णालय होते. एका जिल्ह्याची वाट पूर्वेस, दुसऱ्याची पश्चिमेस, आणि दोन्ही वाटा रुळांवरच्या! ब्रिटिश हिंदुस्थानातील १८९० च्या रेल्वे कायद्याने तर संसर्गजन्य रोग असलेल्यास परवानगीवाचून गाडीत बसण्याची मनाई केली होती. तिकीट तपासणारा काही वैद्य नव्हता. तो तोंडाकडेच पाहणार.

स्वातंत्र्याच्या सुमारास डॅप्सोन आले आणि रोग आटोक्यात येऊ लागला. १९८२ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली. आता वेळेवर गोळ्या घेणाऱ्याची भुवई बहुधा जातच नाही. परंतु आधीच्या पिढीचे काय? जंतू मेले, औषध संपले, माणूस गावी परतला. गेलेली भुवई मात्र परतली नाही, आणि गावाने तीच पाहिली. कायदाही गावाहून फार पुढे नव्हता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून घातले गेले. ते निघाले २०१९ मध्ये. ही चौसष्ट वर्षे आम्हांस फार वाटतात.

या अडचणीचे खरे स्वरूप काही शल्यवैद्यांनी ओळखले. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी, आणि आपल्याकडे पुण्याजवळ कोंढव्यास व नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी, कुष्ठरोग्यांचे हात सुधारण्याबरोबरच त्यांचे चेहरे सुधारण्याचे काम हाती घेतले. काही डॉक्टर याला नटवेपणा म्हणत असतील. आमच्या मते ती रोग्याला घरी पोचविण्याची शस्त्रक्रिया होती. कानशिलावरच्या केसाळ कातडीची पट्टी, तिची रक्तवाहिनी तुटू न देता, कपाळाच्या त्वचेखालून सरकवीत भुवईच्या जागी आणून शिवायची, अशी तिची एक रीत आहे. हे केस पडले डोक्याचे! भुवईचे केस ठराविक लांबीवर थांबतात, हे थांबत नाहीत. त्यामुळे नवी भुवई लाभलेल्यास दर काही दिवसांनी आरसा आणि कातर घेऊन बसावे लागे. ब्रँड यांच्या काही रोग्यांनी म्हणे ती मुद्दामच कापली नाही, डोळ्यांवर येईतो वाढू दिली.