चिल्लरटंचाई आणि पेढीची चिठ्ठी

रुपयाचे सोळा आणे व आण्याचे चार पैसे, हा हिशेब १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत पेढ्यांवर चालत होता. दुसऱ्या महायुद्धात तो वहीत बिनचूक जमे. गल्ल्यात मात्र जमेना, कारण सुटी नाणीच बाजारातून नाहीशी झाली. युद्धाच्या धास्तीने लोकांनी चांदी दडविली. जून १९४० मध्ये गरजेपेक्षा अधिक नाणी साठविणे हा गुन्हा ठरला, जुलैत एक रुपयाची नोट आली, आणि नव्या रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली. पुढे तांब्याचीही काटकसर करावी लागली. १९४३ चा भोकाचा पैसा त्यातूनच जन्मला. (वॉशर म्हणून त्याचा उपयोग करणारेही निघाले!)

दुकानदारांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला. उरलेल्या आण्या-दोन आण्यांबद्दल गिऱ्हाइकास टपालाचे तिकीट द्यावे, नाहीतर दुकानाचा शिक्का मारलेली चिठ्ठी. तिचे मोल धन्याच्या शब्दाइतकेच. धनी नाही म्हणाला, तर ती रद्दी.

इंग्लंडमधील व्यापाऱ्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस अशाच टंचाईत तांब्याची टोकने पाडली होती. भारतात मात्र १८८९ च्या मेटल टोकन्स अ‍ॅक्टने पैसा म्हणून चालविण्यासाठी खाजगी धातूचे तुकडे पाडण्यास मनाई केली होती. तो कायदा २०११ च्या नाणे कायद्याने रद्द झाला. येथील संग्राहकाच्या हाती धातूपेक्षा कागदच अधिक लागतो, त्यामागे हे एक मोठे कारण दिसते.

मोरवी, जुनागढ, बिकानेर आदी संस्थानांनी युद्धकाळात स्वतःची छोटी कॅश कूपने छापली. रत्नागिरी ब्रिटिश मुलखात असल्याने येथे तशी सोय नव्हती. शेजारच्या गोव्यात तर पहिल्या महायुद्धातच, १९१७ मध्ये, बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या बँकेने चार व आठ टांगांच्या नोटा काढल्या होत्या.

संस्थानी कूपने सूचिबद्ध झाली आहेत, त्यांना बाजारभावही आहे. दुकानाच्या चिठ्ठीस वाली नाही. दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन झाले की जुन्या वह्या माळ्यावर जातात, आणि घर दुरुस्तीस निघाले की रद्दीवाल्याकडे. त्यांच्या पानांत एखादी चिठ्ठी आढळल्यास तिला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशनही करू नये. ती ज्या पानात होती त्याची तिथी वेगळ्या कागदावर टिपून ठेवावी. चिठ्ठीवर बहुधा नुसता शिक्का नि रक्कमच असते, काळ सांगते ते वहीचे पान.