शुद्ध बोलीचें गांव

अलिबागेस अध्यापन करीत असतां एक गोष्ट आम्हांस फार उशिरां उमगली. आगरी घरांतला विद्यार्थी ‘पाणी’ला ‘पानी’ व ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणे, तेव्हां वर्ग हंसे; खरें सांगावयाचें तर आम्हीही हंसत असूं. तीन वर्षांनीं तोच आमच्यासारखा बोलूं लागला, कीं तें आम्ही आपलें यश मानीत असूं.

हें यश किती पोकळ असूं शकतें, तें बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलिअन’वरून १९३८ सालीं निघालेल्या बोलपटांत दिसतें. मूळ नाटक १९१३ चें. फुलें विकणाऱ्या एलायझाला उच्चारशास्त्रज्ञ हिगिन्स उमरावांची बोली शिकवितो, हें कथानक पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळें (१९७५) वाचकांस परिचित आहेच. बोलपटांत नृत्यसमारंभाचा एक नवा प्रवेश आहे. हिगिन्सचाच जुना शिष्य तेथें निर्वाळा देतो कीं, ही इंग्रज नव्हेच, हंगेरीची राजकन्या असावी. इतकें निर्दोष इंग्रजी इंग्रज माणूस बोलेल कसा? प्रेक्षक हंसतात. पण जिची बोली कोणत्याच गल्लीची उरली नाहीं, तिनें परतावें कोठें? बोलपटानें तिला हिगिन्सकडे परत धाडलें. शॉनें १९१६ च्या उपसंहारांत तिचें लग्न फ्रेडीशीं लाविलें होतें. (पटकथेचें ऑस्कर मात्र त्यालाही मिळालें!)

‘अलिबागसे आया है क्या?’ या थट्टेविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयानें २०१९ सालीं फेटाळली. थट्टा सर्वांचीच होते, हें खरें. परंतु सुटींत घरीं गेल्यावर आईजवळ ‘पाणी’ मागावें कीं ‘पानी’, हें आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही कधीं विचारलेंच नाहीं.