गंज कुठल्या सालचा?

छत्रपती संभाजीनगरचं रेल्वे स्थानक टेबलावर मावेल एवढं करायचं ठरवलं, तर रूळ आणि डबे विकत मिळतील. पिवळी पाटी मात्र स्वतःच करावी लागेल. ती जुनी दिसायला हवी, असं सगळेच म्हणतात. पण कुठल्या सालची जुनी?

हे स्थानक १९०० साली निजामाच्या राज्यात, मीटरगेज मार्गावर सुरू झालं. १९९०च्या दशकात ब्रॉडगेज आलं. शहराचं नाव फेब्रुवारी २०२३मध्ये बदललं, स्थानकाचं बदलायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. 'एडब्ल्यूबी' हा कोड जाऊन 'सीपीएसएन' आला. मधली अडीच वर्षं शहराचं नाव एक आणि फलाटावरचं दुसरंच.

रेल्वे मॉडेलांमध्ये १:८७ हे प्रमाण बरंच चालतं. त्यात एक मीटर उंचीची पाटी साडेअकरा मिलिमीटरची होते, आणि फूटभर उंचीचं अक्षर साडेतीनचं. समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली ओळ तर भिंगाखालीच वाचायची. एवढ्याशा पाटीवर रंग खरोखर खरवडून चालत नाही. खरा पोपडा बोटभर असला, तर इथे तो सुईच्या टोकाएवढाही उरत नाही. खरवडलेला ओरखडा भिंतीला पडलेल्या भगदाडासारखा दिसतो. म्हणून सगळं रंगानेच सुचवायचं. ऊन लागलंय हे दाखवायला पिवळ्यात किंचित पांढरा मिसळायचा. बोल्टखाली पातळ तपकिरी ओघळ, वरून खाली, कारण पाणी तसंच वाहतं. शेवटी खडूची पूड घेऊन कोरड्या ब्रशने धूळ. मराठवाड्यातली धूळ करड्या-काळ्या मातीची, त्यामुळे परदेशी व्हिडिओंतली लालसर पूड इथे शोभत नाही.

आणि हात आवरायचा. नवशिक्यांना गंज फार आवडतो. (गंज काढण्यापेक्षा चढवायला मजा येते, हे खरंच.) पण 'औरंगाबाद' लिहिलेली पाटी ओसाड स्थानकावरची नव्हती, ऑक्टोबर २०२५पर्यंत तिच्यासमोर रोज गाड्या थांबत होत्या. तिला गंजाने खाऊन टाकली, तर पाहणाऱ्याला वाटणार की हे नाव कधीच मागे पडलं होतं. तेवढ्याशा तपकिरी रंगाने इतिहास काही दशकं मागे सरकतो. वाफेच्या इंजिनांच्या काळातलं स्थानक करत असाल, तर गंजाआधी काजळी हवी, तीही पाटीच्या वरच्या कडेला थोडी जास्त.

'छत्रपती संभाजीनगर' लिहिलेल्या पाटीला अजून काहीच चढवू नका. खालच्या चौकटीवर फार तर एका उन्हाळ्याची धूळ.