खोपोलीची वीज आणि चित्रांची गति

दर सेकंदास किती चित्रें, म्हणजे धंद्याच्या भाषेंत किती फ्रेम, घ्याव्या हा प्रश्न आज पनवेलींत लग्नाचें चित्रण करणाऱ्यापुढेंहि उभा राहतो. २४, २५ कीं ३०? हातांतील कॅमेरा तिन्ही अंक सारख्याच मुकाट्यानें पुढें करतो. त्यामुळें ही केवळ रुचीची बाब आहे असा समज होतो. वस्तुतः या अंकांना इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा पनवेलहून फार दूर नसलेल्या खोपोलीस सांपडतो.

आरंभीं हा प्रश्न मनगटाचा होता. दादासाहेब फाळके यांनीं विलायतेहून आणिलेला विल्यमसन कॅमेरा हातानें दांडा फिरवून चालवावयाचा असे. अशा कॅमेऱ्यांत दांड्याच्या एका फेऱ्यास साधारणतः ८ चित्रें, म्हणजे सेकंदांत दोन फेरे दिले तर १६. हात दमला कीं संख्या घटे. मग तीच फीत नेहमींच्या वेगानें दाखविली कीं पात्रें पडद्यावर धांवूं लागत. मूकपटांतील राजेमहाराजे दुडक्या चालीनें चालतात म्हणून आपण हंसतों. पण तो दोष बहुधा नटांचा नसून, फीत हवी त्याहून जलद फिरविणाऱ्या यंत्राचा असतो. १९३१ सालीं ‘आलम आरा’ आणि १९३२ सालीं प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, तेव्हां ही मोकळीक संपली. डोळा थोडी चूक पोटांत घालतो, कान घालीत नाहीं. बोलपटास २४ चा अंक कायम झाला.

दूरचित्रवाणीस मात्र तो मानवला नाहीं. १९१५ सालीं टाटांच्या जलविद्युत् कंपनीनें खोपोलीचें वीजगृह चालूं केलें. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी घाटाखालीं आणून त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवावयाच्या, असा तो बेत. ही वीज सेकंदास ५० आवर्तनांची. युरोपांत रूढ झालेलें हेंच मान पुढें आपल्या देशाचेंहि झालें; अमेरिकेनें ६० धरलें. गिरणीमालकांच्या स्वप्नींहि चित्रांची गति नसेल, पण ती बांधली गेली या आंकड्यानेंच. जुन्या दूरचित्रवाणी यंत्रांत चित्राची लय विजेच्या लयीशीं जुळली नाहीं तर पडद्यावरून पट्टे सरकत. म्हणून विलायतेंत १९३६ सालीं नियमित प्रक्षेपण सुरू झालें तें ५० च्या निम्म्या, २५ चित्रांचें. अमेरिकेंत ६० च्या निम्म्या, ३० चें. १९५३ सालीं रंगासाठीं अमेरिकेनें त्यांतूनहि हजारांतला एक अंश कापला, आणि २९.९७ हा चमत्कारिक अंक जगाच्या गळ्यांत बांधला! मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरचित्रवाणी आली ती २५ चीच.

याचें फळ परदेशीं गेलेल्या मराठी कुटुंबांनीं भोगलें. कॅसेटच्या काळांत इकडच्या लग्नाची फीत न्यू जर्सीस पोंचे, पण तेथील साधें यंत्र ती दाखवीत नसे. इकडेहि २४ चा चित्रपट २५ च्या वेगानें दाखविला कीं शंभर मिनिटांचा खेळ ९६ मिनिटांत उरके आणि गायकाचा स्वर किंचित् चढे.

आजचे पडदे कोणताहि वेग सोसतात, म्हणून कांहीं जण हा वाद कालबाह्य मानतात. मला तें पटत नाहीं. पडदा सोशिक झाला, दिवा झालेला नाहीं. मंगल कार्यालयांतील जुन्या धर्तीच्या ट्यूबलाइट व स्वस्त एलईडी दिवे सेकंदास १०० वेळां मंदावतात. डोळ्यास तें दिसत नाहीं, कॅमेऱ्यास दिसतें. अमेरिकेंतील नातलगांसाठीं म्हणून पनवेलींत ३० चित्रें घेणारा गृहस्थ पाहणाऱ्याचा विचार करतो, दिव्याचा करीत नाहीं, आणि मग अंतरपाट दूर होण्याच्या ऐन क्षणीं उजेड लुकलुकतो. तेथें २५ च घ्यावीं, रूपांतर मागाहून करावें. ३० घेणें भागच असेल तर प्रत्येक चित्रास प्रकाश एक पन्नासांश सेकंद द्यावा. न्यू यॉर्कच्या सभागृहांत तेंच मान एक साठांश धरावयाचें.